लिली झुकली त्या बाजूला

१

रविवारी सकाळी नळाला पाणी येऊन गेलं, की मी पीस लिलीची पानं पुसायची. जुन्या सुती ओढणीचा तुकडा ओला करायचा, एका हाताने पान खालून धरायचं आणि दुसऱ्या हाताने देठापासून टोकापर्यंत हलकं पुसत न्यायचं. जळगावात खिडकी उघडी राहिली की दोन दिवसांत पानावर बोट उमटेल एवढी धूळ बसते.

हे झाड मला बारावीच्या मुलींनी शिक्षकदिनी दिलं होतं. आलं तेव्हा त्याला तीन फुलं होती. ती सुकली आणि नंतर दीड वर्ष एकही आलं नाही. पानं मात्र हिरवीगार. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. वर्गात परागीभवनावर तास घ्यायचा आणि घरात एका कुंडीपुढे हात टेकायचे, हे मला लागायचं. मग मी जिद्दीलाच पेटले. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी टोकं तपकिरी पडतात, म्हणून फिल्टरचं पाणी सुरू केलं. वाळलेले दांडे बुडापासून कापले. मुळांनी कुंडीत वेढे घातले होते, म्हणून एक नंबर मोठी कुंडी घेतली. नुसती पानं वाढवणारं खत बंद केलं. आणि हॉलच्या खिडकीपासून दोन हात आत, पातळ पडद्यामागे तिची जागा ठरवली. या झाडाला उजेड भरपूर लागतो, पण थेट ऊन सोसत नाही. थंडीत त्याला विसावा मिळाला की फेब्रुवारी-मार्चमध्ये फूल येईल, असा माझा हिशेब होता.

आमचा फ्लॅट नशिराबादच्या रस्त्याला लागून असलेल्या एका कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर, भाड्याचा. माझे यजमान जितेंद्र धुळ्याला एका कंपनीत आहेत. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटेच्या बसने जायचे. एरवी घरात मी आणि माझ्या सासूबाई. त्यांचं नाव ताईबाई, पण सगळे त्यांना अक्काच म्हणतात. अक्कांचे दोन्ही डोळे काचबिंदूने गेले, त्याला सहा वर्षं झाली. गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी स्वतःच मधली खोली मागून घेतली होती. त्या खोलीला खिडकी नाही. थंड असते, न्हाणीघर जवळ पडतं, आणि उजेडाचं मला काय करायचंय, असं त्या म्हणाल्या होत्या.

२

जानेवारीतल्या एका रविवारी पानं पुसताना लक्षात आलं, की झाड खिडकीकडे पाठ करून बसलंय.

सगळी पानं आतल्या बाजूला झुकली होती. खिडकीकडची पानंसुद्धा देठाला पीळ देऊन आत वळली होती. मला वाटलं, झाडताना कुंडी फिरली असेल. मी ती अर्धी फिरवून ठेवली. पुढच्या रविवारी पानं पुन्हा आत. मग मी कुंडीच्या काठावर आणि खाली फरशीवर खडूने एकेक रेघ ओढली, म्हणजे कुंडी हलली तर कळावं. रेघा जुळलेल्याच राहिल्या. झाड मात्र नवव्या दिवशी पूर्ण वळलं होतं.

रोपटं उजेडाकडे वाकतं, हे मी वीस वर्षं शिकवतेय. सावलीकडच्या पेशी जास्त लांबतात, म्हणून खोड उजेडाकडे झुकतं. त्यात झाडाची आवडनिवड नसते. मी फरशीवर बसून त्या पानांच्या रेषेत पाहिलं. समोर मधल्या खोलीचं दार होतं. दार अर्धं उघडं आणि आत अंधार.

जितेंद्रना दाखवलं तर ते म्हणाले, पंख्याचा वारा लागत असेल. जानेवारीत पंखा बंद असतो. पण दुसरं कारण माझ्याकडे तरी कुठे होतं?

३

त्याच आठवड्यात अक्कांनी झाड मागितलं. मी त्यांना चहा द्यायला गेले होते. त्या पलंगावर, पाठ भिंतीला टेकवून, समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. तशा त्या पूर्वी बसत नसत. दिवसभर आडव्या पडून रेडिओ ऐकत. आता रेडिओ बंद होता आणि चेहरा वर उचललेला, सकाळी कोवळ्या उन्हात अंगणात बसल्यासारखा.

“ते झाड आठे आण,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, अक्का, इथे अंधार आहे, झाड मरेल.

“आठे बठ्ठा उजेडच शे,” त्या म्हणाल्या, अगदी सहज. इथे सगळा उजेडच आहे, हे जणू पाणी तापलंय म्हणावं तसं सांगत होत्या.

मी चहा देऊन बाहेर आले. दुपारी कॉलेजातून त्यांच्या जुन्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. नजर गेलेल्या माणसांना कधीकधी उजेड दिसतो, रंग दिसतात, माणसंही दिसतात. डोळ्यांकडून काही येत नाही म्हटल्यावर मेंदू आपलं आपण काहीतरी रंगवतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, त्यांना त्रास होत नसेल तर होऊ द्या, असं ते म्हणाले. ऐकून मला बरं वाटलं. संध्याकाळी बसमधून येताना मात्र मनात आलं, अक्कांचा मेंदू रंगवत असेल, पण झाडाला मेंदू नसतो.

मी झाड त्यांच्या खोलीत, पलंगाशेजारी भिंतीला लागून ठेवलं, ते त्यांचं मन मोडू नये म्हणून, असं मी जितेंद्रना सांगितलं. खरं म्हणजे मला प्रयोग करायचा होता. दहा दिवसांत पानं पिवळी पडतील, मग उचलून परत खिडकीत ठेवू, आणि माझ्या डोक्यातला गोंधळ संपेल.

४

अकराव्या दिवशी कळी आली.

पानांच्या मधून हिरवट दांडा वर आला होता आणि टोकाला गुंडाळी होती. महिना उलटला तेव्हा पाच फुलं उमलली होती. या झाडाचं फूल म्हणजे खरं तर एक पांढरं पान, मधल्या कणसाला पाठीशी घालून उभं असलेलं. त्या पाचही पांढऱ्या पानांची तोंडं समोरच्या भिंतीकडे होती. इतकी भरदार फुलं मी रोपवाटिकेतसुद्धा पाहिलेली नाहीत. ज्यासाठी दीड वर्ष खटाटोप केला, ते समोर उभं होतं आणि मला आनंद होत नव्हता.

अक्का म्हणाल्या, पाच फुलं शेत ना? त्यांनी झाडाला हात लावला नव्हता.

मी त्यांच्या तोंडासमोर बोटं धरली आणि किती, असं विचारलं. बोटं मोजता येईनात. फक्त तुझा हात काळा दिसतो, म्हणाल्या. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, साडीचा रंग दिसत नव्हता. उजेड दिसत होता, आणि उजेडाच्या मध्ये जे येईल ते काळं.

मी मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप घेतलं. दिवा मालवून, दार लावून मोबाइल समोरच्या भिंतीकडे धरला. आकडा शून्य. मग एक गोष्ट केली, ती करायला नको होती. पुठ्ठ्याचं खोकं उलगडून पाय न वाजवता आत गेले आणि अंधारातच तो पुठ्ठा अक्का आणि भिंत यांच्या मध्ये धरला. श्वाससुद्धा रोखून धरला होता.

“मधमा काय धरं तुनी?” अक्का म्हणाल्या. “काढ ते.”

मी पुठ्ठा खाली घेतला. त्यांनी सुस्कारा सोडला आणि बांगड्या मागे सारून दोन्ही हात मांडीवर पसरले.

५

ती भिंत आमच्या आणि शेजारच्या सुमनबाईंच्या घराची सामाईक. पलीकडे त्यांचं स्वयंपाकघर. मी विरजण मागायच्या निमित्ताने गेले. भिंतीला त्यांचा फ्रीज टेकलेला होता, त्यावर डब्यांची चळत. भिंतीला हात लावून पाहिला. गार होती. सुमनबाई एकट्याच राहतात, दिवसभर घरी असतात. त्यांनी विचारलं, अक्का हल्ली दुपारी कुणाशी बोलतात? फोनवर का? मी हो म्हटलं. अक्कांकडे फोन नाही.

घरी येऊन मी अक्कांना विचारलं, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं काय मोजतेस.

मार्चच्या मध्यावर पानं करपायला लागली. माझ्या वडिलांची सावद्याला केळीची बाग आहे. पाण्यावाचून वाळलेलं पान, रोगाने डागाळलेलं पान आणि उन्हाने भाजलेलं पान यांतला फरक मला लहानपणापासून कळतो. उन्हाचा फटका बसलेलं पान आधी फिकं पडतं, मग त्याच्या मध्यावर कागदासारखा पांढुरका चट्टा येतो आणि त्याच्या कडा तपकिरी होतात. लिलीच्या भिंतीकडच्या पानांवर तसेच चट्टे होते. मागची पानं त्यांच्या सावलीत हिरवी राहिली होती. दुपारी खोली शांत असली, की करपलेल्या पानांच्या कडा आखडताना बारीक आवाज यायचा, पापड वाळताना येतो तसा.

त्या रविवारी अक्कांच्या केसांना तेल लावताना मला त्यांचं कपाळ दिसलं. कातडी सोलवटली होती. नाकाचा शेंडा काळवंडला होता. मी त्यांचे हात उजेडात नेऊन पाहिले. वरची बाजू रापलेली, शेतात कापूस वेचणाऱ्या बायकांची असते तशी. बांगड्या सरकवल्या, तर खालची कातडी उजळ होती, बांगडीच्या रुंदीएवढी. अक्का दिवाळीपासून घराबाहेर पडलेल्या नव्हत्या.

मी विचारलं, दुखतं का? त्या म्हणाल्या, ऊन आहे, लागणारच.

६

मार्च संपताना एकदा दुपारी वीज गेली. मी लवकर घरी आले होते. पंखा थांबला, फ्रीजची घरघर थांबली आणि घर एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं. मी मधल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले.

हॉलमधून आत येणाऱ्या पुसट उजेडात अक्का नीट दिसत होत्या. पदर कपाळावर पुढे ओढलेला, त्यावर तळहात आडवा धरलेला. रस्त्यावर लांबून कोण येतंय, ते पाहताना माणूस धरतो तसा. त्या भिंतीकडे निरखून पाहत होत्या आणि मान हळूहळू डावीकडून उजवीकडे वळत होती. कुणीतरी चालत जावं आणि आपण पाहत राहावं, तशी. मग मान थांबली.

“सरक,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आड येस.”

मी दारात होते, त्यांच्या उजव्या हाताला. त्यांच्यासमोर कुणी नव्हतं.

मी म्हटलं, अक्का, मी इकडे आहे. त्यांनी दचकून तोंड माझ्याकडे वळवलं. क्षणभर त्या गोंधळल्या. मग पदर नीट केला आणि चहा टाकतेस का, असं विचारलं. मी चहा टाकायला गेले. दूध उतू जाईपर्यंत मी गॅससमोर नुसती उभी होते. भास माणसाला होतो. पण भासाने कातडी सोलवटत नाही, पान करपत नाही. आणि माझ्या ॲपवर शून्य होतं. या तीन गोष्टी मी कितीही वेळा शेजारी शेजारी मांडल्या तरी त्या एकमेकींना चिकटत नव्हत्या.

संध्याकाळी मी जितेंद्रना फोन करून एवढंच सांगितलं, की अक्कांना उन्हाळाभर धुळ्याला नेऊ. खोली कोंदट आहे, त्यांच्या कातडीला सोसत नाही.

अक्का नाही म्हणाल्या. आधी साधं नाही, मग हट्टाने. रविवारी जितेंद्रनी त्यांचं बोचकं बांधलं, तेव्हा त्या पलंगाची कड धरून बसल्या. सहा वर्षांनी मला काहीतरी दिसतंय, म्हणाल्या, आणि तुम्ही तेवढंही काढून घेता. जितेंद्रना वाटलं, आईचं डोकं जागेवर नाही. त्यांनी अक्कांची बोटं एकेक करून सोडवली. मला तसं वाटत नव्हतं, तरीही बोचकं मीच उचललं.

लिली आम्ही तिथेच ठेवली. करपलेलं झाड कुठे नेता, असं जितेंद्र म्हणाले.

७

धुळ्यात देवपूरला जितेंद्रची दोन खोल्यांची जागा आहे. दोन्हींना खिडक्या. अक्कांना पश्चिमेच्या खिडकीशी बसवलं. मी महिन्याची रजा टाकली होती. पहिले दोन दिवस त्या चारी भिंतींकडे आळीपाळीने तोंड करून बसून पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी आडव्या झाल्या.

“आठे काहीच दखास नही,” एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या कपाळाची कातडी आठवडाभरात भरून आली. जेवण मात्र तुटलं. मी भाकरी कुस्करून दुधात कालवून द्यायची, त्या चार घास खाऊन वाटी बाजूला सारायच्या. एकदा त्या झोपल्यात असं समजून मी पांघरूण सारखं करायला गेले, तर उशी ओली होती. मी त्यांना वाचवलं होतं की लुबाडलं होतं, ते मला समजेना. अजूनही समजत नाही.

८

अक्कांना त्या खोलीत परत न्यायचं नाही, म्हणून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात फ्लॅट सोडायचं ठरलं. सामान कुठलं न्यायचं, ते पाहायला मी एकटीच सकाळच्या बसने जळगावला गेले. अकरा वाजता कुलूप उघडलं. बाहेर रस्ता तापलेला होता आणि घरात तीन आठवड्यांची कोंडलेली हवा.

मधल्या खोलीत दिवा लावला. लिलीची सगळी पानं वाळून कुंडीच्या काठावर लोळत होती. माती दगड झाली होती. त्यातून एकच दांडा सरळ वर आला होता आणि त्याच्या टोकाला एक फूल, ताजं, पांढरंशुभ्र, समोरच्या भिंतीकडे तोंड करून. मी त्याला हात लावला नाही.

मग माझं लक्ष पलंगामागच्या भिंतीकडे गेलं. खोलीला पिस्ता रंग होता. ही भिंत तेवढी विटून पांढुरकी झाली होती, वर्षानुवर्षं ऊन लागलेल्या पडद्यासारखी. पण पूर्ण विटली नव्हती. कुंडीमागे कुंडीच्या आणि पानांच्या आकाराचा पिस्ता रंग तसाच राहिला होता. पलंगाच्या वर, अक्का बसायच्या तिथे, बसलेल्या बाईचा आकार होता. खांदे, अंबाड्याची गाठ, सगळं स्पष्ट.

त्या आकाराच्या शेजारी, त्याला खांदा लावून, तिसरा आकार होता. उभा.

तो माझाच, असं मी आधी ठरवलं. पानं पुसायला मी तिथेच तर उभी राहायची. पण मी हलत असायची, आणि रंग असा राखायचा तर महिनोन्महिने स्तब्ध उभं राहावं लागतं. शिवाय तो आकार माझ्याहून मोठा होता. डोकं जवळजवळ छताला टेकलेलं, खांदे माझ्या दुप्पट. मी मुलांना शिकवते तेच मला आठवलं, की सावली मोठी पडते ती दिव्याच्या जवळ उभ्या असलेल्याची. म्हणजे जे कुणी होतं, ते या भिंतीपाशी नव्हतं. समोरच्या भिंतीपाशी होतं.

मी तिथून निघायला हवं होतं. पण डोक्यात एवढंच होतं, की एकदा नीट पडताळून पाहिलं की हे संपेल. मी दिवा मालवला. अक्का बसायच्या तिथे पलंगावर बसले, पाठ भिंतीला टेकवली आणि समोर पाहिलं. अंधुक भिंत, तिच्यावर एक खिळा, दुसरं काही नाही. मी बराच वेळ पाहिलं. काही नव्हतं म्हणून मला हायसं वाटलं आणि मी डोळे मिटले.

पापण्यांच्या आत सगळं लाल झालं.

भर दुपारी सूर्याकडे तोंड करून डोळे मिटल्यावर दिसतं, तसं लाल. मी डोळे उघडले, तर अंधुक भिंत आणि खिळा. पुन्हा मिटले, तर लाल, आणि आता गालांवर ऊब. मी तशीच बसून राहिले. भीती वाटत नव्हती, हे लिहिताना मला लाज वाटते. हे अक्कांना सहा वर्षांनी मिळालं होतं, एवढंच मनात येत होतं.

मग उजव्या कडेने त्या लालीत काळं शिरलं. हळूहळू मध्यावर आलं आणि थांबलं. गालांवरची ऊब गेली. माझ्यासमोर, हातभर अंतरावर, कुणीतरी सावली धरून उभं होतं.

डोळे उघडायला मला किती वेळ लागला, ते सांगता येणार नाही. उघडले तेव्हा खोलीत मी एकटीच होते. मी कुठलंही सामान घेतलं नाही. किल्ली सुमनबाईंकडे दिली आणि मिळेल त्या बसने निघाले. पारोळा मागे पडेपर्यंत मी डोळे मिटले नाहीत.

धुळ्याला पोहोचले तेव्हा जितेंद्र कामावरून आले नव्हते. अक्का पलंगावर उठून बसल्या होत्या. माझी चाहूल लागताच त्यांनी हात पुढे केला. मी जवळ बसले. त्यांनी चाचपत माझ्या गालावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

“ऊन लागनं का तुले?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो, स्टँडवर बसची वाट पाहत उभी होते.

त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं नव्हतं. त्या माझ्याकडे सरकल्या आणि घरात आणखी कुणी ऐकत असावं, तसा आवाज खाली आणला.

“तुले बी आड ऊना का तो?”

मी त्यांचा हात गालावरून काढून माझ्या हातात धरला. आड आला तो कोण, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं.